पुरवण्या मोजणारी माणसं

परीक्षेचा पेपर सुटला की व्हरांड्यात मुलं एकमेकांना पहिला प्रश्न विचारतात तो "पेपर कसा गेला?" हा नसतो. "किती पुरवण्या घेतल्यास?" हा असतो. एकतीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला, तितकीच वर्षं हा प्रश्न ऐकला. चार पुरवण्या घेणारा मुलगा छाती काढून चालायचा आणि एकही न घेतलेली मुलगी खांबाला टेकून गप्प उभी असायची. निकाल लागला की बहुधा तीच वर असायची. (बहुधा म्हणते, नेहमी नाही. चार पुरवण्या भरून खरोखर चांगलं लिहिणारी पोरंही होती, पण ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.)

हे आज आठवायचं कारण माझा भाचा. धाकट्या बहिणीचा मुलगा, नाशिकला कारखान्यात नोकरी, येत्या ऑक्टोबरात पन्नाशी पूर्ण. नाव लिहीत नाही, त्याला आवडत नाही. नातेवाईक मंडळींना सांगायची गरज नाही आणि बाकीच्यांना कळून उपयोग नाही. तर हा भाचा गेल्या डिसेंबरात छोट्या अंतराच्या एका ट्रायथलॉनमध्ये उतरला. ७५० मीटर पोहायचं, पाण्यातून निघून तसंच ओल्या अंगाने २० किलोमीटर सायकल मारायची आणि सायकल जागेवर लावून ५ किलोमीटर पळायचं. मध्ये घड्याळ थांबत नाही. या अंतराला स्प्रिंट म्हणतात. भाच्याला १ तास ३१ मिनिटं २० सेकंद लागले. ४५ ते ४९ या वयोगटात तो चौथा आला. तिसऱ्यात आणि त्याच्यात ३८ सेकंदांचा फरक.

ही बातमी आमच्या घरच्या ग्रुपवर आली तेव्हा अंगठे आणि फुलं तर आलीच, पण शब्दांत ज्या प्रतिक्रिया आल्या त्या दोन प्रकारच्या होत्या. पहिला प्रकार : "एवढंच? आमच्या ऑफिसातला एकजण गोव्याला आयर्नमॅन करून आला." दुसरा प्रकार : "पूर्ण केलंस ना, झालं तर! या वयात नंबराचं काय एवढं?" पहिली प्रतिक्रिया टोचणारी आणि दुसरी प्रेमळ असं वरवर वाटेल. मला दोन्ही सारख्याच खटकल्या. आणि माझं म्हणणं ग्रुपवर चार ओळींत मावणारं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी "एवढंच" याबद्दल. ट्रायथलॉन हा खेळ जन्माला आला तोच मुळी छोटा. २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेत सॅन डिएगो शहरात मिशन बे नावाच्या खाडीकाठी तिथल्या धावणाऱ्यांच्या क्लबने ही गंमत पहिल्यांदा केली. वार बुधवार, वेळ संध्याकाळची, म्हणजे कामावरून सुटून आलेली माणसं. एकूण ४६ जण. धावणं सुमारे सहा मैल, सायकल पाच मैल आणि पोहणं पाचशे यार्ड, म्हणजे साडेचारशे मीटरच्या आसपास. शेवटचे लोक येईपर्यंत अंधार पडला म्हणून मोटारींचे दिवे लावून उजेड केला होता. नोकरी-संसार सांभाळून संध्याकाळी करायचा खेळ, हे त्याचं मूळ रूप.

त्या ४६ जणांत जॉन कॉलिन्स नावाचे एक नौदल अधिकारी होते. पुढे त्यांची बदली हवाई बेटांवर झाली. तिथे एका बक्षीस समारंभात वाद रंगला, सगळ्यांत दमदार कोण, पोहणारा, सायकलवाला की पळणारा? कॉलिन्स यांनी तोडगा काढला की बेटावरच्या तीन लांब शर्यती एकाच दिवशी, एकापाठोपाठ एक करायच्या. सुमारे ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर पूर्ण मॅरेथॉन, ४२.२ किलोमीटर. फेब्रुवारी १९७८ मध्ये १५ जण उतरले, १२ जणांनी ती पूर्ण केली. तीच आयर्नमॅन. पैजेतून निघालेली गोष्ट आहे ही. पैज मारणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण पैजेचं अंतर हे सगळ्यांचं माप कसं काय झालं, हा माझा प्रश्न आहे.

आपल्याकडे २०१९ च्या ऑक्टोबरात गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर अर्धी आयर्नमॅन पहिल्यांदा झाली. १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर पळणं. महाराष्ट्रातले डॉक्टर, इंजिनिअर, पोलीस अधिकारी तिथे जायला लागले. चांगलीच गोष्ट. पण ती करून आलेल्या माणसाचा चौकात फ्लेक्स लागतो (त्यावर चाळीस शुभेच्छुकांचे फोटो) आणि कुणी विचारत नाही की बाबा, वेळ किती लागला? कितवा आलास? कसा पोहलास? विचारतात फक्त, किती किलोमीटर? म्हणजे किती पुरवण्या?

आता दुसरी प्रतिक्रिया, "पूर्ण केलंस ना". ही मला जास्त खटकते, कारण ती गोड आहे. मोठ्या अंतराच्या शर्यतींना वेळेची मर्यादा असते. पूर्ण आयर्नमॅनला साधारण १७ तास, अर्धीला साडेआठ. तेवढ्यात आलात की गळ्यात पदक. त्यामुळे पुष्कळ जणांचं सगळं गणित त्या मर्यादेभोवती फिरतं. शाळेत आम्ही याला पस्तीस टक्क्यांचं तत्त्वज्ञान म्हणत असू. परिस्थितीने गांजलेल्या मुलाने पस्तीस मिळवले तर पेढे वाटावेत, मी स्वतः वाटले आहेत. पण साठ मिळवण्याची कुवत असलेल्या मुलाने पस्तिसावर समाधान मानलं तर त्याला शाबासकी देणारी बाई मी नव्हते.

लोक या बाबतीत नेहमी ज्यूली मॉस या मुलीचा दाखला देतात. १९८२ च्या फेब्रुवारीत हवाईच्या आयर्नमॅनमध्ये तेवीस वर्षांची ही विद्यार्थिनी शेवटच्या टप्प्यात कोसळली, उठली, पुन्हा पडली आणि अखेर रांगत रेषेपर्यंत गेली. अमेरिकेच्या टीव्हीवर ते दृश्य दाखवलं गेलं आणि त्यानंतर या स्पर्धेचं नाव घरोघरी झालं. "बघा, कशीही का होईना, पूर्ण करणं महत्त्वाचं," असं त्याचं तात्पर्य काढतात. पण गोष्टीचा अर्धा भाग गाळून. ज्यूली मॉस रांगत होती तेव्हा ती पहिली होती! जिंकायला पळत होती म्हणून ती कोसळली. ती जमिनीवर असताना कॅथलीन मॅकार्टनी शेजारून पुढे गेली आणि २९ सेकंदांनी जिंकली. गंमत म्हणजे मॅकार्टनीला आपण पहिल्या आलो हे कळलंसुद्धा नाही. तेव्हा त्या रांगण्याला "नुसतं पूर्ण करणं" म्हणणं हा त्या मुलीवर अन्याय आहे.

भाचा त्या ३८ सेकंदांवरून महिनाभर हळहळत होता. बहीण मला फोनवर म्हणाली, "अगं, वेड लागलंय त्याला, जेवताना तेच." मी म्हटलं, लागू दे. आपल्याकडे हौशी या शब्दाची फार हेळसांड झाली आहे. हौशी म्हणजे हसत-खेळत, जमेल तसं, मनावर न घेता, असा अर्थ लोक करतात. अहो, राज्य सरकारच्या नाट्यस्पर्धेच्या नावातच हौशी हा शब्द आहे आणि ती स्पर्धा साठी ओलांडून गेली. त्यात काम करणारी माणसं बँकेत, कचेरीत, शाळेत दिवसभर राबून रात्री बारापर्यंत तालमी करत आली. आमच्याच शाळेतल्या एका सरांना अभिनयाचं प्रमाणपत्र मिळालं नाही म्हणून ते आठ दिवस कुणाशी बोलले नव्हते. त्यांना कुणी म्हटलं नाही, "नाटक पूर्ण केलंत ना, झालं तर!" आणि खाशाबा जाधव? ऑलिम्पिकचे दरवाजे तेव्हा हौशी खेळाडूंनाच उघडे होते. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, म्हणून राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. ते गेले होते ते भाग घ्यायला नव्हे.

भाच्याचे ३८ सेकंद कुठे गेले ते ऐका. मोज्यात गेले. पोहून बाहेर आल्यावर सायकलीपाशी जायचं, त्या जागेला ट्रान्झिशन म्हणतात. तिथे जो वेळ जातो तोही एकूण वेळेत धरतात, म्हणून जाणकार लोक त्याला चौथा खेळ म्हणतात. तिथले नियम सोवळ्याइतके कडक आहेत. हेल्मेटचा बंद लावल्याशिवाय सायकलीला हात लावायचा नाही. आखलेल्या रेषेपलीकडे गेल्याशिवाय सायकलवर बसायचं नाही. परत येताना रेषेच्या आधी उतरायचं, आणि सायकल जागेवर लावेपर्यंत हेल्मेट काढायचं नाही. पुढच्या सायकलवाल्याच्या मागे चिकटून वारा चुकवायचा नाही, हौशी लोकांनी दहा मीटर अंतर ठेवायचं. हे सगळं त्याने पाळलं. पण ओल्या पायावर मोजा चढेना! गुंडाळला, ओढला, पुन्हा गुंडाळला. शेजारचा माणूस बिनमोज्याचे बूट घालून केव्हाच निघून गेला. तीन मिनिटं पाच सेकंद तिथे गेले, आणि ज्यांना हे जमतं ते दीड मिनिटात बाहेर पडतात.

ग्रुपवर या मोज्यावरून बरेच विनोद झाले. मला मात्र त्यात या छोट्या शर्यतीचं सगळं मर्म दिसतं. सोळा तासांच्या शर्यतीत दीड मिनिट कुठे हरवलं ते कळणारही नाही. दीड तासाच्या शर्यतीत ते पायात रुतून बसतं. छोट्या अंतरात लपायला जागा नसते. मराठीच्या पेपरात निबंधाला तीनशे शब्दांची मर्यादा असली की कोण पाण्यात आहे ते लगेच समजायचं. पाल्हाळाची सोय नाही, प्रत्येक वाक्याने काम केलं पाहिजे.

यंदा पावसाळा ओसरल्यापासून तो दर शनिवारी माझ्याकडे राजूरला येतो. पहाटे नाशिकहून निघून घोटी-बारी मार्गे शेंडीला गाडी लावतो आणि भंडारदऱ्याच्या जलाशयाला सायकलवरून वेढा घालून मग माझ्याकडे जेवायला. ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. शेंडीहून मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर करत उडदावणे, पांजरे, मुरशेतवरून परत शेंडी, असा सुमारे चाळीस किलोमीटरचा रस्ता धरणाच्या पाण्याभोवती आहे. एका बाजूला रतनगड, दुसऱ्या बाजूला कळसूबाईची रांग. ऑलिम्पिकमध्ये ट्रायथलॉनला सायकलचं अंतर ४० किलोमीटरच असतं, हा योगायोग भाच्याने मला सांगितला तेव्हा मला उगाचच बरं वाटलं. गावाचा अभिमान, दुसरं काय! पण ऑलिम्पिकचे रस्ते गुळगुळीत असतात आणि आमच्याकडे पाऊस रस्ता खाऊन टाकतो. घाटघरच्या कोकणकड्याकडून वारा सुटला की चढ नसतानाही चढ लागतो. स्प्रिंटसाठी याच्या निम्मं अंतर पुरे, पण ते निम्मं पूर्ण जोर लावून मारायचं असतं. मग लगेच बूट बदलून शेंडीच्या रस्त्याला वीस मिनिटं पळायचं. सायकलवरून उतरल्यावर पाय आपले राहत नाहीत म्हणे, दुसऱ्या कुणाचे तरी लाकडाचे पाय उसने घेतल्यासारखे वाटतात. पहिला किलोमीटर तसाच जातो. ते सवयीने कमी होतं, आणि ती सवय लावण्यासाठीच ही शनिवारची कसरत.

पाण्याचं मात्र मी त्याला स्पष्ट सांगितलं आहे. भंडारदऱ्यात उतरायचं नाही. तो पोहायला शिकला लहानपणी माझ्या सासरच्या विहिरीत, पाठीला वाळका भोपळा बांधून. त्या पोहण्यात मुंडी वर आणि पाण्याचा आवाज मोठा! सेहेचाळिसाव्या वर्षी नाशिकच्या तलावावर बावीस वर्षांच्या एका मुलाकडून त्याने सगळं पहिल्यापासून शिकून घेतलं. श्वास पाण्यात सोडायचा, मान वळवून घ्यायचा. सहा महिने नाकातोंडात पाणी. (या वयात धाकट्याकडून शिकायची लाज वाटली नाही, हे मला त्याच्या चौथ्या नंबराइतकंच मोठं वाटतं.) पण तलावाचं पाणी आणि धरणाचं पाणी यांत फरक आहे. विल्सन डॅम इंग्रजांनी १९१० साली बांधायला घेतलं आणि १९२६ साली पूर्ण केलं. प्रवरेचं अख्खं खोरं अडवून भरलेलं हे पाणी आहे. काठाला पायरी नाही, उतार कुठे संपतो ते दिसत नाही, पाणी थंड, आणि गाळात पाय रुतला तर हाक ऐकायला कुणी नाही. शहरातून आलेली पट्टीची पोहणारी मुलं इथल्या पाण्यात गेल्याच्या बातम्या आम्ही वाचत आलो आहोत. स्पर्धेत होड्या असतात, जीवरक्षक असतात, टोपीवर नंबर असतो. एकट्याने केलेल्या सरावात यातलं काही नसतं. पॅरिसच्या ऑलिम्पिकमध्ये २०२४ साली सीन नदीचं पाणी खराब निघालं म्हणून पुरुषांची ट्रायथलॉन एक दिवस पुढे ढकलली. जगातले पहिले पंचावन्न खेळाडू पाण्यापुढे थांबतात, तर आमच्या भाच्याला थांबायला काय हरकत आहे? त्याने ऐकलं. पोहणं नाशिकला, सायकल आणि पळणं इथे.

तो वेढा घालत असतो तेव्हा रस्त्याने शाळेची पोरं दिसतात. ठाकर-महादेव कोळ्यांची मुलं, पाठीला दप्तर, पायात चपला असल्या तर. चढावर ती त्याच्या बरोबरीने पळतात आणि हसतात. मी शिकवत होते तेव्हा वाडीवरून दोन डोंगर ओलांडून शाळेत येणाऱ्या मुली होत्या, त्यांचा दम मी पाहिला आहे. नाशिक जिल्ह्यात सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये कांस्य मिळवलं, बीडकडचा अविनाश साबळे २०२२ साली तिथेच रौप्य घेऊन आला. पळण्यात आपली पोरं कमी नाहीत. पण एवढ्या मोठ्या जलाशयाच्या काठावर राहून आमच्या किती मुलींना पोहता येतं? मला विचाराल तर बोटांवर मोजाव्या लागतील. आणि लांब अंतराच्या या खेळातली ती लाखालाखांची सायकल! स्प्रिंट साध्या सायकलवर करता येते. वीस किलोमीटर म्हणजे राजूरच्या बाजाराला येण्याइतकं अंतर. या खेळात आमच्या भागातली पोरं कधी उतरलीच तर ती छोट्या अंतराच्या दारातूनच येतील, हे माझं अगदी पक्कं मत आहे. तेव्हा त्या दाराला कुणी "एवढंच" म्हणू नये.

आता घरातली गोष्ट, आणि ती ग्रुपवरच्या सगळ्यांना माहीत असूनही कुणी बोललं नाही. माझे मेहुणे, म्हणजे भाच्याचे वडील, तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले. सकाळी त्यांना उठवून बसवणं, अंघोळ, दाढी हे भाचा करतो. बहिणीच्याने आता उचलवत नाही. सूनबाईंची नोकरी आहे, नातीचं बारावीचं वर्ष आहे. स्प्रिंटच्या तयारीला त्याला आठवड्याला सहा-सात तास लागतात. पहाटे तास-तास आणि शनिवारची ही भंडारदऱ्याची फेरी, तेवढ्या दिवशी वडिलांचं बघायला एक माणूस येतो. गोव्याची तयारी म्हटली की हेच तास दुप्पट होतात, रविवारची सकाळ पूर्ण जाते, आणि ते तास कुठून येणार? वडिलांच्या दाढीतून, मुलीच्या अभ्यासातून, बायकोच्या झोपेतून. त्याच्याबरोबर पोहणाऱ्या मित्रांनी पुढच्या वर्षीच्या गोव्यासाठी नाव नोंदवायचं ठरवलं आहे. रोज त्याला आग्रह चालू आहे. "स्प्रिंट काय, कुणीही करतो." एका शनिवारी जेवताना त्याने मला विचारलं, "मावशी, तुला काय वाटतं? एकदा मोठी करून टाकू का? म्हणजे लोकांची तोंडं बंद होतील."

त्याला मी तेव्हा म्हटलं, भाकरी गार होतेय, आधी जेव. उत्तर आज देते आहे.

लांब अंतराबद्दल मला अढी नाही. भाच्याच्याच शहरातले डॉक्टर हितेंद्र आणि महेंद्र महाजन हे भाऊ २०१५ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत, सुमारे ४८०० किलोमीटर, दोघांत मिळून सायकलवर गेले. ८ दिवस १४ तास ५५ मिनिटं. मर्यादा नऊ दिवसांची होती. दवाखाना सांभाळणारी माणसं ही, म्हणजे हौशीच. जपानचे हिरोमु इनाडा २०१८ साली ८५ व्या वर्षी हवाईची पूर्ण आयर्नमॅन १७ तासांच्या आत संपवून आले. माझ्याहून मोठा माणूस! या लोकांपुढे हात जोडावेत. पण त्यांनी ते अंतर निवडलं ते त्यांना त्याची ओढ होती म्हणून. दुसऱ्यांची तोंडं बंद करायला १८० किलोमीटर सायकल मारणं हा फार महागडा उपाय आहे, आणि तोंडं बंद होत नाहीत ती नाहीतच. अर्धी केलीस की विचारतील, पूर्ण कधी?

छोट्या अंतराला जगात मान आहे, हेही मित्रांना सांग. २०२० च्या टोकियो ऑलिम्पिकपासून (ती झाली २०२१ मध्ये) मिश्र रिले आली. दोन बायका, दोन पुरुष, प्रत्येकाने ३०० मीटर पोहायचं, साधारण ७ किलोमीटर सायकल, २ किलोमीटरच्या आसपास पळायचं. स्प्रिंटच्याही निम्मं! आणि त्यात सुवर्णपदक मिळतं. हौशी लोकांसाठी जागतिक पातळीवर वयोगटानुसार स्प्रिंटची शर्यत असते, सत्तरीच्या पुढच्यांचेसुद्धा गट असतात. आणि २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये बायकांच्या शर्यतीत स्वित्झर्लंडची निकोला स्पिरिग आणि स्वीडनची लिसा नॉर्डेन यांना पोहणं-सायकल-पळणं मिळून सारखाच वेळ लागला होता, १ तास ५९ मिनिटं ४८ सेकंद. फोटो पाहून निकाल द्यावा लागला. एकीला सुवर्ण, एकीला रौप्य. तिथे कुणी लिसा नॉर्डेनला म्हणालं असेल का, पूर्ण केलंस ना, झालं तर?

तुझे ३८ सेकंद खरे आहेत. ते कुठे आहेत ते तुला माहीत आहे, आणि ते मिळवायला जास्त तास लागणार नाहीत. मोज्यात थोडी पावडर घालून ठेव, नाहीतर शेजारच्या माणसासारखं बिनमोज्याने पळायची सवय कर. ओसरीवर बादलीभर पाणी घेऊन पाय ओले करायचे आणि बूट चढवायचे, असं गेल्या शनिवारी वीस वेळा केलंस, तेव्हा शेजारच्या वहिनी कुंपणावरून बघत होत्या. त्यांना काय वाटायचं ते वाटू दे. शिवाय या खेळात वय धरतात ते त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरचं. म्हणजे यंदाच्या डिसेंबरात तू ५० ते ५४ च्या गटात जाशील आणि तिथला सगळ्यांत लहान असशील. पन्नाशीची इतक्या आतुरतेने वाट बघणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. तिसऱ्या नंबरासाठी पळ. पहिल्यासाठी पळालास तरी मी काही म्हणणार नाही.

बाकी मंडळींना एवढंच, की डिसेंबरात स्पर्धा बघायला येणार असाल तर जरूर या, मीही येणार आहे. गुडघे साथ देत नाहीत, म्हणून घडीची खुर्ची बरोबर घेणार. पण शेवटच्या कमानीपाशी फोटो काढायला गर्दी करू नका. ट्रान्झिशनच्या दोरीबाहेर, सायकली लावतात त्या बाजूला उभे राहा. पाण्यातून माणूस बाहेर येतो तिथून सायकल घेऊन रेषेपर्यंत जाईतो घड्याळ लावा. तीन मिनिटं पाच सेकंद हा जुना आकडा आहे, लिहून ठेवा.